एकतिसाव्या कागदावरची नऊ शून्यं

मित्रांनो, मी एक जुनी प्रश्नावली आहे. नाव भारदस्त आहे, पण अंगाने मी साधा कागदच. एका बाजूने छापलेला, दुसऱ्या बाजूने कोरा. उजव्या कोपऱ्यात एकतीस हा आकडा आहे. माझं वय दहाच्या वर. तुमच्यात दहा वर्षांची मुलं भिंतीवर चढतात, आमच्यात दहा वर्षांचा कागद पिवळा पडतो आणि कोपऱ्यात दुमडतो. उद्या मला यंत्रात घालून माझा लगदा करणार आहेत. त्याचं मला फारसं दुःख नाही. खरं सांगू? मी थकले आहे. तेच ते नऊ प्रश्न दहा वर्षं पोटात धरून बसायचं म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं. पण जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते. ती तशीच राहिली तर मला लगद्यातही चैन पडणार नाही.

माझा जन्म जपानमधला, कोबे शहरातला. मला जन्म दिला शिवानीने. ती पुण्याची, घशाची डॉक्टर. संशोधन करून मोठी पदवी घ्यायला इथल्या विद्यापीठात आली होती. तिचा विषय ऐकून तुम्ही हसाल. माणसाच्या पोटातलं आम्ल कधीकधी खाली राहायचं सोडून वर चढतं आणि थेट घशापर्यंत येतं. मग माणूस सारखा खाकरतो, आवाज बसतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, जेवून आडवं झालं की ठसका लागतो. दुखणं मोठं दिसत नाही, पण पिच्छा सोडत नाही. ते ओळखायला डॉक्टर एक प्रश्नावली देतात. इंग्रजीत ती होती. शिवानीच्या शेजारच्या टेबलावर सेवगी नावाची तुर्की मुलगी बसायची, तिने ती तुर्कीत आणली होती. मराठीत मात्र नव्हती. मराठी माणूस डॉक्टरांसमोर बसून एवढंच म्हणायचा, "घसा जरा असाच होतो." आता 'असाच' म्हणजे कसा, हे डॉक्टरांनी ओळखायचं!

म्हणून मग मी. आणि मला घडवायला किती त्रास झाला म्हणता! एका बाईने माझं मराठी केलं, दुसरीने वेगळं मराठी केलं, दोघींचं पटेना. तिसरीने ते मराठी पुन्हा इंग्रजीत नेलं, मूळ इंग्रजी न बघता, म्हणजे अर्थ वाटेत कुठे सांडला ते कळावं. एका प्रश्नावर तर तीन आठवडे गेले. मग राजधानीतल्या कोतो भागातल्या पाच मराठी माणसांना वाचायला दिलं. त्यातल्या एका गृहस्थांनी सगळीकडे पाच पाच लिहिलं आणि विचारलं, "पैकीच्या पैकी पडले ना?" त्यांना वाटलं, पाच म्हणजे घसा उत्तम. मग शिवानीने वर ठळक अक्षरांत लिहिलं, शून्य म्हणजे त्रास अजिबात नाही, पाच म्हणजे फारच त्रास. नऊ प्रश्न, नऊ चौकटी. आणि सगळ्यात खाली एक ओळ, तिला गुण नाहीत: 'आणखी काही सांगायचं आहे का?' त्यापुढे टिंबटिंब. ही ओळ इंग्रजीत नव्हती. सेवगीने सुचवली आणि शिवानीने ठेवली. तिच्या सरांनी, मोरिता-सेन्सेईंनी, विचारलं होतं की ज्याची बेरीज करायची नाही ते विचारायचं कशाला. पण ती राहिली खरी.

एका दुपारी शिवानीने स्टेशनसमोरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, तिथल्या मशीनवर आमच्या प्रती काढल्या. गरम गरम बाहेर पडलो आम्ही. तेव्हा मी किती पांढरी होते!

पण मित्रांनो, प्रश्नावली छापली म्हणजे काम संपत नाही. ती खरं बोलते का, ते तपासावं लागतं. त्याची रीत अशी, की दुखणाऱ्या घशांना मोठा आकडा आला पाहिजे आणि बऱ्या घशांना लहान. शिवाय त्याच माणसाने पंधरा दिवसांनी पुन्हा भरली तर आकडा साधारण तोच यायला हवा. 'साधारण' हा शब्द लक्षात ठेवा, माझी सगळी गोष्ट त्या शब्दावर फिरली. दुखणाऱ्या घशांचं काम, एक ते तीस क्रमांकांचं, तिच्या पुण्यातल्या जुन्या दवाखान्यात होऊन गेलं होतं. आता शिवानीला हवी होती तीस निरोगी मराठी माणसं, इथली जपानातली. डिसेंबरच्या शेवटी प्रबंध द्यायचा होता. तोवर दिला नाही तर शिष्यवृत्ती संपणार होती.

तीस निरोगी माणसं कुठून आणायची? तिने विचारलं लीलावतीकाकूंना.

काकूंबद्दल आधी सांगायला हवं. काकू आणि त्यांचे यजमान नंदकिशोरकाका तीस वर्षं कोबेत होते. काकांचा मोत्यांचा व्यापार. दोन हजार अकराच्या मार्चमध्ये तो मोठा भूकंप झाला तेव्हा कोतो आणि कावासाकीतल्या मराठी घरांची पार दाणादाण उडाली. कुणाच्या इमारतीची लिफ्ट बंद, कुणाच्या दुकानात पाणी नाही, कुणाची मुलं टेबलाखालून बाहेर येईनात. त्या वेळी काकूंनी सगळ्यांना एकच निरोप धाडला होता, की कोबेला या, बाकीचं नंतर बघू. अकरा कुटुंबं आली. दिवाणखान्यात गाद्या घातल्या, मोठ्या पातेल्यात खिचडी, आणि काका रोज सकाळी मुलांना टेकडीवर फिरायला न्यायचे, म्हणजे आयांना जरा निवांत रडता यावं. तीन आठवडे असं चाललं. तेव्हापासून जपानातल्या मराठी मंडळात काकूंचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. काकूंनी सांगितलं की झालं. ही चांगलीच गोष्ट आहे ना? मलाही तसंच वाटायचं.

शिवानी दर रविवारी त्या घरी जेवायला जायची. ऑक्टोबरातल्या एका रविवारी तिने पिशवीतून आम्हाला काढलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. तिने समजावलं की मला निरोगी माणसं हवी आहेत, आणि दोन्ही वेळा उत्तर सारखं आलं पाहिजे, नाहीतर माझी प्रश्नावली फुकट. बघा, 'साधारण' म्हणायचं राहून गेलं तिचं. काकू म्हणाल्या की तू काळजीच करू नकोस, मी बघते. शिवानी माणशी दोन असे साठ कागद तिथेच ठेवून गेली. त्यातली मी काकांच्या वाट्याला आले.

काकांनी चष्मा लावला. पेनाचं टोपण काढलं. आणि खाकरले.

पहिला प्रश्न होता, आवाज घोगरा होतो का. काकांनी वाचला, खाकरून घसा साफ केला आणि लिहिलं शून्य. दुसरा होता, घसा वारंवार खाकरावा लागतो का. ते पुन्हा खाकरले, आणि लिहिलं शून्य. तिसऱ्या प्रश्नाला त्यांना पाणी प्यावं लागलं. मित्रांनो, मी मोजलं आहे. नऊ उत्तरं लिहीपर्यंत ते अकरा वेळा खाकरले. आणि माझ्या अंगावर नऊ शून्यं ओळीने उभी राहिली, गोल, सुबक, व्यापाऱ्याच्या वळणाची. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं का, या प्रश्नावर मात्र पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. त्यांनी डावा हात गळ्याशी नेला, एका जागी दाबून बघितलं, आणि मग तिथेही शून्यच लिहिलं. खालच्या टिंबटिंबांवर लिहिलं, 'सर्व उत्तम. चि. शिवानीस शुभेच्छा.'

मी काय करणार? आम्हा कागदांना विचारता येतं, उलट बोलता येत नाही. मला असा राग आला होता! अहो, खोटंच लिहायचं होतं तर मला एवढं तावून सुलाखून घडवलं कशाला?

पण ते लबाड नव्हते. पोरीला निरोगी माणूस हवा होता, तो त्यांनी तिला दिला. पोरीचं काम अडायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. म्हणजे वरवर तरी एवढंच. आत आणखी एक गोष्ट होती, ती मला पुढे कळली.

संध्याकाळी काकूंनी फोन काढला आणि माझा फोटो घेतला. फोटो घेताना त्यांची नजर शून्यांवरून फिरली. आतल्या खोलीत काका खाकरत होते. काकू दाराकडे बघत जरा थांबल्या. मग त्यांनी मला पाकिटात घातलं. दिवसभर तो आवाज ऐकणारं माणूस त्या घरात त्यांच्याशिवाय दुसरं कोण होतं? पण त्याही गप्प राहिल्या.

पंधरा दिवसांनी माझी जुळी बहीण भरली गेली. पुढे आम्हा दोघींना एकत्र टाचलं तेव्हा तिने मला सांगितलं. साखरेच्या डब्याला टेकवून काकूंचा फोन उभा केला होता, त्यावर माझा फोटो. काका त्यात बघून तिच्यावर शून्यं उतरवत होते. शुभेच्छासुद्धा तशाच उतरवल्या म्हणे.

शिवानीने साठ कागदांचे आकडे कॉम्प्युटरवर चढवले, आणि उत्तर आलं एक. पूर्ण एक. म्हणजे तीसच्या तीस माणसांची पहिली आणि दुसरी उत्तरं तंतोतंत सारखी. तिने आनंदाने सेवगीला मिठी मारली. मग दोघी कागद घेऊन मोरिता-सेन्सेईंकडे गेल्या. मी सगळ्यात वर होते, म्हणून मला त्यांचा चेहरा दिसला. वयस्कर माणूस, हळू बोलणारा. त्यांनी कपाटातून सेवगीचे तुर्की कागद काढले आणि आमच्या शेजारी मांडले. तुर्की कागदांवर कुणी दोनाचे तीन केले होते, कुणी चाराचे तीन. पंधरा दिवसांत घसा थोडा इकडचा तिकडे होतोच. हवामान बदलतं, जेवण बदलतं, माणूस कंटाळलेला असतो. आमचे मात्र तीस घसे तसूभरही हलले नव्हते.

"फारच नीटनेटकं आहे," मोरिता-सेन्सेई म्हणाले. एवढंच. पण शिवानीचा चेहरा पांढराफटक पडला, माझ्याहून पांढरा.

तिने काकूंना फोन लावला. काकूंनी काहीच लपवलं नाही. "अगं, मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आधी फोटो काढून ठेवा, नंतर त्यात बघून भरा. शिवानीचं काम चोख झालं पाहिजे." त्यांच्या आवाजात केवढं कौतुक होतं! आणि अकरा घरं, जी कधीकाळी त्यांच्या दिवाणखान्यात गाद्यांवर झोपली होती, त्यांनी आणि त्यांच्या ओळखीच्यांनी तो शब्द मोडला नव्हता. कुणावर रागवायचं? शिवानीने फोन ठेवला आणि खालच्या मजल्यावर पेयांच्या मशीनशेजारी जाऊन बसली. मी तिच्या मांडीवर होते. माझ्या डाव्या कडेला एक फुगलेला डाग दिसतो ना, तो तिथला आहे.

सोपा मार्ग होता. गप्प बसायचं. सेन्सेई तेवढंच बोलले होते, नको असं म्हणाले नव्हते. दहाबारा कागदांवर इथे तिथे आकडा हलवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. मला भीती वाटत होती, ती पेन्सिल उचलते की काय. तिने उचललीही होती. मग सेवगी दोन डबे कॉफी घेऊन शेजारी बसली आणि एक डबा तिच्या हातात दिला. शिवानीने पेन्सिल खिशात घातली. दुसऱ्या दिवशी तिने सेन्सेईंना सांगितलं की मी सगळं पुन्हा करते, प्रबंध उशिरा होईल. शिष्यवृत्तीचं काय, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बघू. इतकं दमलेलं 'बघू' मी पुन्हा ऐकलं नाही.

मग सुरू झाला फेरा. आठवडाभर दवाखान्यात काम, शनिवार-रविवारी कावासाकी, कोतो, पुन्हा कोबे. दर घरात स्वतः जाऊन बसायचं, नवा कागद द्यायचा, भरून घेतला की लगेच पाकीट बंद, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मी जुनी, बाद झालेली. तरी तिच्या फाइलमध्ये असायचे, पडताळायला. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी 'आमचं चुकलं का गं काही', आणि प्रत्येक घरी तिने हसून 'नाही हो' म्हणायचं. एका घरातल्या मुलीने तर जपानीत विचारलं की ताई परत का आली, हिला उत्तर आवडलं नाही का. तिच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोतोतल्या एका बाईंनी दोन्ही वेळा घशाची जळजळ शून्य लिहिली होती, पहिल्यांदा निरोगी दिसायला आणि दुसऱ्यांदा फोटोत तसं होतं म्हणून. आता त्यांनी तीन लिहिलं आणि म्हणाल्या, बरं वाटलं बाई लिहून. शिवानी दमून जायची. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकवून झोपायची आणि मी तिच्या मांडीवरून घसरत राहायचे.

नंदकिशोरकाकांचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. घरचंच माणूस, कधीही होईल, म्हणून.

डिसेंबरचा पहिला रविवार होता. रोक्कोच्या डोंगरावरून बोचरा वारा येत होता. जेवणं झाली. शिवानीने नवा कागद काढला. काका म्हणाले, चष्मा आत राहिलाय, तूच वाच, मी सांगतो. मग तिने वाचायला सुरुवात केली. आवाज घोगरा होतो का? काका खाकरले आणि म्हणाले, शून्य. घसा वारंवार खाकरावा लागतो का? काका पुन्हा खाकरले.

आणि शिवानीचं पेन थांबलं.

मित्रांनो, दोन वर्षं ती दर रविवारी तो आवाज ऐकत होती. ती घशाची डॉक्टर! पण भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी घरच्यांना ऐकू येत नाही, तसं तिचं झालं होतं. काका म्हणजे खाकरणार, पोळी म्हणजे तूप लावलेली, रविवार म्हणजे हे घर. त्या दिवशी तिने स्वतःच्या तोंडाने प्रश्न वाचला, समोरून खाकरण्याचं उत्तर आलं, आणि तिला ते पहिल्यांदा ऐकू आलं. तो आवाजही ऐकू आला, घोगरा, जाड झालेला, दोन वर्षांपूर्वी असा नव्हता. तिने फाइलमधून मला काढलं. माझ्यावरची नऊ शून्यं बघितली.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्याकडे निरोगी माणूस मागितला, तिथेच माझं चुकलं. मला खरा माणूस हवा होता. आता परत विचारते."

काका उठायला लागले. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "बसा. सांगा तिला." आवाज चढवला नव्हता, पण काका बसले.

मग एकेक प्रश्न. घोगरेपणा चार. खाकरणं पाच. ठसका दोन. घशात अडकल्यासारखं वाटणं, त्यांनी पुन्हा गळ्याला तिथेच हात लावला, पाच. शिवानी लिहीत होती. बेरीज सव्वीस झाली. तिने बेरीज मोठ्याने वाचली नाही. खालची ओळ राहिली होती, बेरजेत न येणारी. तीही तिने वाचली. "काका, आणखी काही सांगायचं आहे का?"

काका टेबलावरचा डाग बोटाने खरवडत होते. मग म्हणाले, "जगदीशचं असंच सुरू झालं होतं. घाबरलोय गं मी."

जगदीश त्यांचे थोरले भाऊ, मुंबईचे. घशाच्या कॅन्सरने गेले होते, हे शिवानीला त्या दिवशी कळलं. ही ती आतली गोष्ट. म्हणून तर त्यांना निरोगी माणूस होणं इतकं सोपं गेलं होतं. पोरीला मदत होत होती, आणि आपल्याला न बघता राहता येत होतं. शिवानीने तिथे टिंबटिंबांवर लिहिलं, 'भीती वाटते'. काकूंनी पदराने तोंड झाकलं. त्या म्हणाल्या की मी रोज ऐकत होते, फोटो काढताना शून्यं बघितलीसुद्धा, पण म्हटलं पोरीचं काम आहे. तेवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला त्या वेळी त्यांच्यावरचा सगळा राग सोडून द्यावासा वाटला, पण पूर्ण गेला नाही, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्याच दिवशी दवाखाना. नाकातून बारीक कॅमेरा घातला. एका स्वरतंतूवर पांढरट चट्टा होता. तुकडा काढून तपासला. जे नको होतं तेच निघालं. पण अजून लहान होतं, एका जागी होतं. सहा आठवडे रोज किरणांचे उपचार झाले. काका वाचले. आवाज मात्र पहिल्यासारखा झाला नाही, खरखरीत राहिला. डॉक्टर म्हणाले की आणखी सहा महिने थांबला असतात तर आवाज सोडा, जीवाचंच कठीण होतं. मी शेजारच्या खुर्चीवर पिशवीत होते. सहा महिने! माझ्या शून्यांनी दोन महिने तर आधीच खाल्ले होते. हे माझ्या अंगावर कायमचं आहे, कुणी पुसलं नाही, पुसू नयेच.

आणि काकांची गंमत ऐका. खाटेवर झोपून, बोलायला मनाई असताना, त्यांनी पाटीवर शिवानीला लिहून विचारलं, 'आता तुझे एकोणतीसच झाले की गं?' मी कुठल्याच गटात बसेनाशी झाले होते ना. निरोगी नाही आणि तिच्या रोगाचीही नाही. मला 'वगळावे' असा लाल शिक्का बसला. मग काकांनीच काकूंच्या फोनवरून कावासाकीला नव्याने आलेल्या सौमित्र नावाच्या मुलाला निरोप पाठवला. त्यात लिहिलं होतं, 'शिवानीताई येतील. खरं लिहायचं. फोटो काढायचा नाही.'

प्रबंध नऊ महिने उशिरा झाला. शिष्यवृत्ती गेली. शिवानीने सकाळी एका भाषाशाळेत इंग्रजी शिकवण्याची अर्धवेळ नोकरी धरली आणि दुपारी आकडे मांडले. पुन्हा केलेल्या तपासणीत उत्तर एक आलं नाही. शून्य पूर्णांक चौऱ्याऐंशी शतांश आलं. सेन्सेई त्याकडे बघून म्हणाले की ही माणसं आहेत. आज पुण्यामुंबईच्या दवाखान्यांत माझ्या बहिणी रोज भरल्या जातात. माझं नाव कुठल्याही तक्त्यात नाही. 'भीती वाटते' हे शब्दही नाहीत, कारण त्यांची बेरीज होत नाही.

त्यानंतर खोका. दहा वर्षं अंधारात, लोखंडी कपाटात, एका बाजूला माझी जुळी आणि दुसऱ्या बाजूला ती खरी एकतिसावी. नियमच आहे तसा, दहा वर्षं जपायचं, मग नष्ट करायचं. सेवगी तिच्या देशी गेली, सेन्सेई निवृत्त झाले. कुणी एकदाही आमचा खोका उघडला नाही. त्याबद्दल तक्रार नाही माझी. थकलेल्या माणसाला जसं कुणी हाक मारू नये असं वाटतं, तसंच झालं होतं माझं.

आज दुपारी खोका उघडला. शिवानी आता इथेच दवाखान्यात आहे, तिच्या केसांत चांदी आली आहे. उद्या कागद न्यायला गाडी येणार, म्हणून ती मोजून घ्यायला आली होती. तिच्यामागून काका आले, काठी टेकत, पण ताठ. आणि त्यांच्यामागून काकू. कोपऱ्यात बसून काकूंनी आधी पाणी मागितलं. काकांनी मला हातात घेतलं. चष्मा होता या वेळी. नऊ शून्यांवरून त्यांनी बोट फिरवलं, 'सर्व उत्तम' वाचलं आणि त्या खरखरीत आवाजात म्हणाले की काय सुंदर अक्षर होतं माझं. शिवानी हसली. तिने सहज, आपण सगळे विचारतो तसं, विचारलं की काकू, तुम्ही कशा आहात. आणि काकू म्हणाल्या की मला काय धाड भरलीय, मी अगदी ठणठणीत.

मित्रांनो, तुमच्यासाठी माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात कुणीतरी रोज असं म्हणत असेल. म्हणणाऱ्याचं ऐकाच, पण त्याचा श्वास, खोकला, जिन्यावरचं थांबणं, तेही ऐका. आणि तुम्हाला कुणी विचारलं तर खरं सांगा, विचारणाऱ्याचं काम बिघडलं तरी चालेल. ते पुन्हा करता येतं.

काकांनी मला टेबलावर ठेवलं आणि काठी भिंतीला टेकवली.

"शून्य नाही, शिवानी," ते म्हणाले. "दोन मजल्यांत ती चार वेळा थांबली. मी मोजलंय."

काकूंनी त्यांच्याकडे रागाने बघितलं. काका नजर चुकवेनात. शिवानीने खुर्ची ओढली, काकूंच्या अगदी समोर बसली. लिहायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने मला उलटं केलं. दहा वर्षांत माझ्या कोऱ्या पाठीला पहिल्यांदा पेन टेकलं.

"काकू, कधीपासून?"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शिवानीने घाई केली नाही. मग काकूंनी छातीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "श्रावणापासून."

शिवानीने ते लिहून घेतलं.